मागून आणलेलं विरजण

पहिला रिपोर्ट आला तेव्हा निवाल्दा रडली होती. दुसरा आला तेव्हा मात्र तिला रडू आलं नाही, संताप आला. फोनवर आलेला कागद तिने दोनदा वाचला, एप्रनला हात पुसले आणि गोठ्याच्या दिशेने हाक दिली, "एदिल्सन! अरे, इकडे ये. परत तेच निघालंय."

तिचा नवरा हातातली बादली तशीच घेऊन आला. त्याला वाचायला चष्मा लागायचा आणि चष्मा कधी जागेवर सापडायचा नाही, म्हणून तिनेच वाचून दाखवलं. कच्च्या दुधाच्या त्यांच्या चीजमध्ये तोच जंतू, स्टॅफिलोकोकस, मर्यादेच्या कितीतरी वर. असलं चीज खाल्लं की ओकाऱ्या, पोटात मुरडा, आणि खाणारा लहान किंवा म्हातारा असला तर थेट दवाखाना. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की तिसऱ्या तपासणीतही हेच आलं तर चीजवरचा सरकारी शिक्का रद्द होईल आणि चीजच्या खोलीला टाळं लागेल.

"प्रयोगशाळावाल्यांचंच काहीतरी चुकलंय," एदिल्सन म्हणाला. "माझ्या आजोबा-पणजोबांनी हेच चीज खाल्लं. कोण मेलं?"

"तुझे पणजोबा मेलेच की."

"ते म्हातारपणाने मेले."

"तुला काय माहीत? तेव्हा तपासायला होतं कोण?"

एदिल्सन बादली घेऊन परत गोठ्यात गेला.

कानास्त्राच्या डोंगरात शिक्क्याचं मोल ज्याला कळत नाही त्याने चीज करू नये. शिक्का असला की चीजची ढेप शहरातल्या दुकानात काचेमागे बसते आणि तिच्यावर करणारीचं नाव असतं. नसला की तीच ढेप टेम्पोत ताडपत्रीखाली दडून, पोलिसांचा डोळा चुकवत, निनावी जाते. निवाल्दाची आई जोव्हिता. तिच्या हातचं चीज सगळ्या डोंगरात नावाजलेलं, पण बिचारी जन्मभर ताडपत्रीखालीच विकत राहिली. आई गेल्यावर निवाल्दाने खोलीला फरशी बसवली, पाण्याला गाळणी लावली, साहेबलोकांची बोलणी खाल्ली आणि शिक्का मिळवला. ढेपेवर नाव मात्र स्वतःचं घातलं नाही, आईचं घातलं. तेच नाव आता पुसलं जाणार होतं.

आणि पहिल्या रिपोर्टनंतर तिने करायचं काय शिल्लक ठेवलं होतं? एकेक गाय तपासली. जांभळ्या औषधात दूध ढवळलं की आजारी सडाचं दूध शेंबडासारखं घट्ट होतं. तसं फारोफाचं झालं. फारोफा घरातली लाडकी, दुधाला सगळ्यांत उजवी, वरून धट्टीकट्टी, आणि आतून कास सुजलेली. तिला वेगळं बांधलं, औषधपाणी केलं. खोलीतल्या जुन्या फळ्या जाळल्या. पिकत ठेवलेल्या सगळ्या ढेपा खड्ड्यात पुरल्या. त्या दिवशी एदिल्सन जेवला नाही. आणि सरतेशेवटी विरजणही फेकून दिलं.

हे विरजण म्हणजे ताज्या ढेपांतून रात्रभर ठिबकणारी खारट निवळी. डोंगरात तिला पिंगो म्हणतात. ती भांड्यात धरायची आणि सकाळी कोमट दुधात घालायची, की कालच्या चीजच्या जिवावर आजचं लागतं. एखादीचं बिघडलं तर शेजारणीकडे भांडं घेऊन जायचं. मागणारीला नाही म्हणायचं नाही, मोबदला घ्यायचा नाही, देणारीचं भांडं घरी आलं तर रिकामं परत करायचं नाही, आणि दिलेलं विरजण कधी बोलून दाखवायचं नाही. बोलून दाखवलं की देणारीचंच दूध लागत नाही, असं सगळे मानतात. निवाल्दाने नवं विरजण लिंदाउराकडून आणलं होतं. लिंदाउरा ओढ्यापलीकडची शेजारीण आणि निवाल्दाच्या लेकीची धर्ममाता. दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या, आणि हे नातं डोंगरात सख्ख्या बहिणीपेक्षा वरचं.

बातमीला पाय फुटतात. दुपारपर्यंत चीजचा दलाल दिव्हिनो टेम्पो घेऊन दारात हजर.

"निवाल्दा, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या टेम्पोत टाक. मी कुणाचे कागद बघत नाही, माझे कुणी बघत नाही."

"आणि कुणाच्या पोरानं खाल्लं तर?"

"नाव कुठे लागणार आहे तुझं?"

"नाव नसलं तरी चीज माझंच ना. जा तू, दिव्हिनो. कॉफी पिऊन जा, पण जा."

दिव्हिनो कॉफी प्यायला आणि गेला. तो काही वाईट माणूस नव्हता. मिळेल तो माल वाटेला लावायचा एवढंच त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी निवाल्दा डोंगराखालच्या गावातल्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिली. तिथे सिल्मारा नावाची जनावरांची तरुण डॉक्टर काम करायची. "मला दाखव," निवाल्दा म्हणाली. "कागद नको. तो जंतू दाखव."

सिल्माराने आढेवेढे घेतले नाहीत. पिवळट जेलीची बशी तिने उजेडात धरली. जेलीवर काळे चकचकीत ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ कडं होतं. मग तिने एक काचेची नळी उचलली. "यात सशाच्या रक्ताची निवळी आहे, ताई. साधा जंतू घातला तर ही पातळच राहते. आता ही तिरकी करून बघा."

निवाल्दाने नळी तिरकी केली. आतलं हललं नाही.

"अगं, हे तर लागलंय!"

"हो. हा लावतो. त्यावरूनच आम्ही त्याला ओळखतो."

भांडं तिरकं करून दूध लागलं की नाही हे निवाल्दा आयुष्यभर बघत आली होती. एदिल्सनचा पणजोबा, दिव्हिनोचा टेम्पो, प्रयोगशाळेची चूक, सगळं तिच्या डोक्यातून त्या क्षणी निघून गेलं. तिने नळी जपून जागेवर ठेवली.

"आता सांग, हा राहतो कुठे?"

"गाईच्या कासेत. माणसाच्या नाकात, हाताच्या चिरेत. कुठेही. आणि मिठाला अजिबात भीत नाही." सिल्माराने तिच्यापुढे बाटल्या आणि कापूस लावलेल्या काड्या मांडल्या. "एकेक जागा पुसून आणा. सापडेल."

"सापडल्याशिवाय सोडते का मी त्याला!"

मग निवाल्दाने घर खालीवर केलं. प्रत्येक गाईचं दूध वेगळ्या बाटलीत भरलं. पाणी, मीठ, साचे, कापड, फळ्या, स्वतःचे हात, काही सोडलं नाही. शेवटी काडी घेऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"नाक वर कर."

"नाकात? बाई, नाकाने मी चीज करत नाही."

"शिंकतोस ना पण? कर वर."

"उद्या माझ्या नाकावरही शिक्का मारशील तू," एदिल्सन म्हणाला, पण त्याने नाक वर केलं.

निकाल आले. फारोफा बरी झालेली, बाकीच्या गाई स्वच्छ. पाणी, फळ्या, हात, सगळं स्वच्छ. एदिल्सनचं नाकही स्वच्छ निघालं आणि पुढचे कित्येक दिवस तो भेटेल त्याला हे सांगत सुटला. घाण निघाली ती एकाच बाटलीत. विरजणाच्या.

निवाल्दा ओट्यावर बसून राहिली. गाई स्वच्छ, खोली स्वच्छ, माणसं स्वच्छ. तर मग हा भांड्यातूनच आत आला. आणि भांडं आलं होतं लिंदाउराकडून.

"एक सोपं आहे," एदिल्सन म्हणाला. "नेहमीसारखं विरजण मागून आण आणि गुपचूप पाठव तपासायला. तिला कशाला कळायला हवं?"

"ताकाला जाऊन भांडं लपवायचं मला जमत नाही."

"मग भांडण होईल."

"होऊ दे."

लिंदाउरा स्वयंपाकघरात चीजपावांचं पीठ मळत होती. कोमाद्रेच्या हातात भांडं बघून ती हसली. "काय गं, परत बिघडलं?"

"थोडं दे. पण दुधात घालायला नकोय. तपासायला हवंय."

लिंदाउराचे हात पिठात थांबले. "कुणाचं? माझं?"

"तुझं."

"तुझ्या लेकीला चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी धरलं. याच हातांनी. तेव्हा हात तपासले होतेस माझे?"

"कोमाद्रे, मी असं कुठे—"

"मग कसं? अख्खा डोंगर माझ्याकडून विरजण नेतो. आजवर कुणी वर तोंड करून विचारलं नाही. आणि तू, माझ्या घरची, काड्या घेऊन आलीस? लिंदाउरा घाणेरडी आहे, असंच ना?"

निवाल्दाचाही पारा चढला. "मी घाणेरडी होते का गं? फारोफाच्या कासेत होता तो, आणि मी रोज तिच्याशी गप्पा मारत धार काढत होते! मला दिसला? तो दिसत नाही, लिंदाउरा. म्हणून तर काड्या घेऊन फिरतेय. शिक्का गेला तर आईचं नाव जाईल. तू रुसलीस तर मी तुझ्या दारात बसून मनवेन, पण विरजण घेतल्याशिवाय आज जायची नाही."

लिंदाउराने फडताळातून भांडं काढून धाडकन टेबलावर ठेवलं. "ने! आणि चांगलं निघालं ना, तर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर माफी मागायची."

"मागेन."

"गुडघ्यावर बसून."

"बसेन."

निवाल्दा दाराबाहेर पडली तर मागून परत आवाज आला. "थांब! हे पाव ने. गरम आहेत. मी रागावलेय म्हणून पोरीने का उपाशी राहावं?"

त्या भांड्यातही तेच काळे ठिपके निघाले. निवाल्दाला वाटलं होतं, चूक सापडली की बरं वाटेल. अजिबात बरं वाटलं नाही. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून ओढा ओलांडून ती स्वतः गेली आणि तिने सरळ सांगून टाकलं.

लिंदाउरा ओरडेल अशी तिची तयारी होती. लिंदाउरा मात्र पायरीवर बसली आणि एप्रनवर नसलेला डाग शोधत राहिली. मग म्हणाली, "बोलू नये, पण बोलते. ते विरजण माझं नव्हतंच."

"म्हणजे?"

"ईस्टरच्या आधी माझं बिघडलं होतं. मी तुझ्याकडे आले. तू पोरीला घेऊन शहरात गेली होतीस. एदिल्सनने भांडं भरून दिलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. तेव्हा फारोफा आजारीच होती, फक्त कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या कासेतला जंतू निवाल्दाच्या विरजणात उतरला, ओढा ओलांडून लिंदाउराच्या दुधात सुखाने राहिला, आणि निवाल्दाने घर धुऊन पुसून लख्ख केल्यावर आभार मानून त्यालाच परत घरी आणलं. एदिल्सन काही बोलला नव्हता. का बोलेल? दिलेलं विरजण बोलून दाखवायचं नसतं.

"आणि तू पुढे कुणाला दिलंस?" निवाल्दाने विचारलं.

लिंदाउराने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "पुष्कळांना. त्यांनी पुढे कुणाला दिलं, मला कसं ठाऊक?"

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर बोलायला निवाल्दाच उभी राहिली, पण माफी लिंदाउराची नव्हती मागायची. ती सगळ्यांना म्हणाली की घाण माझ्या गोठ्यातून निघाली, माझ्या भांड्यातून गेली, आणि आता ती कुणाकुणाच्या घरी आहे हे आपल्याला माहीत नाही, कारण आपण बोलत नाही.

"वा! एका गाईने डोंगर बुडवला," मागून कुणीतरी म्हणालं.

"गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?" दुसऱ्याने विचारलं.

"कुणालाच नाही. म्हणून तर बोलले."

कुजबुज वाढली. लोक टोप्या घालून काढता पाय घ्यायला लागले, तेवढ्यात लिंदाउरा पायरी चढून कोमाद्रेच्या शेजारी उभी राहिली. "मी तिच्याकडून घेतलं, आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी दिलं. आता मी बोलून दाखवलं, माझं दूध नासायचं तर नासू दे. बाकीच्यांच्या तोंडात काय मिठाची गुळणी आहे?"

मग एकेक हात वर झाला. कुणी घेतलं होतं, कुणी दिलं होतं, बहुतेकांनी दोन्ही केलं होतं. ठरलं, की सगळ्यांनी एकाच दिवशी विरजण फेकायचं, नाहीतर ते पुन्हा फिरून येणार. दोन घरं हटून बसली. त्यातल्या एकाने नंतर आपली बाटली तपासून घेतली आणि मुकाट्याने होकाराची मान हलवली. दुसरं अजून हटूनच आहे, त्याच्याशी निवाल्दाचं भांडण चालू आहे.

फेकायचं खरं, पण नवं आणायचं कुठून? सिल्मारा म्हणाली, कारखान्यातली पावडर मिळते, तिने चीज लागेल. पण शिक्क्याचा नियम साफ होता: विरजण डोंगरातलंच हवं. पावडर घातली तर शिक्का तसाही गेलाच. म्हणजे असं घर हवं, ज्याने या सगळ्यात विरजण घेतलंही नाही आणि दिलंही नाही.

"असं एकच घर आहे," लिंदाउरा म्हणाली आणि तोंड कडू झाल्यासारखं केलं. "ओनोफ्रेचं."

ओनोफ्रेचं नाव निघालं की आजही लोक इकडेतिकडे बघतात. फार वर्षांपूर्वी जत्रेतल्या चीजच्या स्पर्धेत तो परीक्षक होता आणि त्याने जोव्हिताला दुसरा नंबर दिला. जोव्हिताला, जिने त्याआधी कधी दुसऱ्याची पाठ पाहिली नव्हती! तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. तिचा शब्द डोंगरात चालायचा, म्हणून डोंगरानेही टाकलं. ओनोफ्रेही ताठ, कुणाच्या दारी भांडं घेऊन गेला नाही, आणि त्याच्या दारी कुणी गेलं नाही. रस्त्यात तो दिसला की तोंड फिरवायचं, हे निवाल्दा चालायला लागली तेव्हाच शिकली होती. आईच्या दफनाच्या दिवशी तो कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभा होता. तिने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ते तिला अधूनमधून टोचायचं.

"तो कुत्रा सोडेल अंगावर," एदिल्सन म्हणाला.

"सोडू दे. चावून घेईन, पण विरजण आणीन."

भांडं तिने पिशवीत घातलं नाही. सगळ्यांना दिसेल असं हातात धरून ती चढ चढली. ओनोफ्रेचा कुत्रा धावत आला खरा, पण शेपूट हलवत. त्या बिचाऱ्यालाही पाहुण्यांची सवय राहिली नव्हती. मागून ओनोफ्रे आला, काठीसारखा उंच, वाळलेला.

"जोव्हिताची ना तू?"

"हो, काका. विरजण मागायला आले."

"तुमच्या डोंगरात संपलं?"

"संपलं नाही, नासलं. माझ्याच गोठ्यातून." आणि तिने फारोफापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं. त्याने फाटकावर हात टेकून ऐकलं.

"म्हणजे चांगलं कुणाकडेच उरलं नाही, म्हणून माझ्याकडे आलीस."

"हो."

"अगं, खोटं तरी बोलायचंस. आठवण आली, म्हणायचंस."

"तुम्हाला खोटं आवडत असतं तर आईला पहिला नंबर दिला असतात."

ओनोफ्रेला आधी खोकला आला, मग कळलं की तो हसतोय. त्याने फाटक उघडलं. "मागणारीला नाही म्हणायचं नाही. पण आज भांडं भरणार नाही, बाटली भरेन. आधी तपासून आण. माझं चांगलं आहे असं मी इतकी वर्षं एकटाच मानत आलोय. बघू तरी खरं काय ते."

प्रयोगशाळेत निवाल्दा बाकावर ठाण मांडून बसली. सिल्मारा म्हणाली, वेळ लागेल, घरी जा, उद्या या. ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी येऊन उभी राहिली. मग सिल्माराने बशी दाखवली. एकही काळा ठिपका नाही. नळी निवाल्दाने स्वतः तिरकी केली. आतलं पाण्यासारखं वाहिलं. तिने ती पुन्हा सरळ करून पुन्हा तिरकी केली, आणि सिल्माराने तिला मनसोक्त करू दिलं.

ओनोफ्रेला सांगितलं तेव्हा तो फक्त "हं" म्हणाला, पण स्वतःचं भांडं त्याने काठोकाठ भरलं. भांड्यावर कापड बांधून त्याने ते तिच्या हाती दिलं आणि सोडलं नाही.

"बोलू नये, पण आता तुम्ही सगळे बोलायलाच लागलाय म्हणून बोलतो. हे तुझ्या आईचं आहे."

"काय?"

"जत्रेच्या आधी माझं बिघडलं होतं. जोव्हिताने दिलं. त्यानंतर मी कुणाकडे मागितलं नाही. तेच चालवत आलोय, एक दिवस खंड नाही. ताप आला तरी उठून दूध लावलं." त्याने भांडं सोडलं. "बोलणं तिने तोडलं. विरजण मी तुटू दिलं नाही."

आईने स्वतःच्या घरी चालवलेलं विरजण आपण फेकून दिलं, आणि आईने ज्याला दारात उभं केलं नाही त्याने ते सांभाळलं, हे एकदम निवाल्दाच्या अंगावर आलं. उतारभर ती रडत होती. दोन्ही हात भांड्याला होते, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

ठरल्या दिवशी ते एक घर सोडून सगळ्यांनी आपापली भांडी ओतली, उकळत्या पाण्याने धुतली, आणि निवाल्दाच्या ओट्यावरून नवं विरजण थोडंथोडं घरोघरी गेलं. या वेळी प्रत्येकाने मोठ्याने सांगितलं, कुणाकडून घेतलं आणि कुणाला देणार. म्हाताऱ्यांना ऐकवत नव्हतं, पण कुणाचं दूध नासलं नाही. लिंदाउरा तर शेजारणीला विरजण देण्याआधी आता स्वतःच विचारते, "तपासलेलं आहे, घेतेस ना?" आणि ते अशा तोऱ्यात, जसा काही शोध तिनेच लावलाय.

तिसरी तपासणी झाली. सिल्माराने कागद पाठवला नाही, फोन केला, आणि निवाल्दाने तो एदिल्सनच्या कानाला लावला, म्हणजे चष्म्याची गरज पडू नये. चीज स्वच्छ होतं. शिक्का राहिला. एदिल्सनने बादली खाली ठेवली, फारोफाच्या कपाळाची पापी घेतली आणि मग बायकोची. क्रम चुकला, हे त्याला अजून ऐकवलं जातं.

पहिली ढेप पिकून पिवळी झाली, तेव्हा निवाल्दाने ती ओनोफ्रेच्या भांड्यात ठेवली. भांडं रिकामं परत करायचं नसतं. लिंदाउराही सोबत आली. त्या फाटकातून ती पहिल्यांदाच आत जात होती, म्हणून चर्चला जायचा झगा घालून आली होती.

ओनोफ्रेने ढेप हातात फिरवली, बोटाने टिचकी मारून कान लावला, मग सुरीने तुकडा कापला. ढेपेवरचं जोव्हिताचं नाव कापलं जाऊ नये म्हणून सुरी जरा बाजूने घातली. डोळे मिटून तो बराच वेळ चघळत राहिला. निवाल्दा त्याच्या जबड्याकडे बघत उभी होती. तिसऱ्या तपासणीच्या वेळीही तिची अशी अवस्था झाली नव्हती.

"खारट आहे," ओनोफ्रे म्हणाला.

"काय माणूस आहे!" लिंदाउरा उसळली. "अहो, निदान आज तरी—"

निवाल्दाने तिच्या हातावर हात ठेवला आणि स्वतः एक तुकडा तोंडात टाकला. मीठ ती आईने शिकवलं तसंच लावायची, मूठभर आणि वर चिमूट. ती चिमूट नको होती.

"खारटच आहे," ती म्हणाली. "जत्रेतलं आईचंही असंच होतं?"

"अगदी असंच."

"मग दुसरा नंबर बरोबर होता, काका."

ओनोफ्रेने मान खाली घातली. ढेपेवरच्या नावावरून अंगठा फिरवला.

"पहिला कुणाला दिला होता, ते आता मला आठवतसुद्धा नाही," तो म्हणाला, आणि त्याने आणखी एक तुकडा कापला.